कोपरापर्यंत हात

प्रशिक्षक पान उलटताना बोट जिभेला लावत होता, आणि ताईला त्याची पहिली किळस आली ती तिथेच. या लॉन्ड्रीत दिवसभर दवाखान्यांच्या चादरी येतात. रक्ताच्या, पुवाच्या, आणखी कशाकशाच्या. इथे लागलेली बाई पहिल्याच आठवड्यात शिकते की बोट तोंडाजवळ न्यायचं नाही. हा माणूस सकाळी हौदांच्या काठांवरून कौतुकानं हात फिरवून आला होता आणि आता तेच बोट चाटून पानं उलटत होता. ताईनं नजर फळ्याकडे वळवली.

फळ्यावर तीन शब्द होते. पत, मन, मुद्दा. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात एक तत्त्वज्ञ होऊन गेला, प्रशिक्षक सांगत होता, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला कसं पटवावं याचं सगळं गुपित त्यानं या तिघांत घालून ठेवलंय. ऐकणारा आधी बघतो, बोलणारा कोण आहे. ती पत. मग त्याच्या मनापर्यंत पोचायचं. आणि मुद्दा म्हणजे दाखला, कारण, पुरावा. "तिन्ही जमले की समोरचा तुमचा," तो म्हणाला आणि त्यानं मूठ आवळून दाखवली.

त्या ग्रीक म्हाताऱ्याचं म्हणणं ताईला मनापासून पटलं. अठरा वर्षं मुकादमी करून तिला जे कळलं होतं, ते कुणीतरी इतक्या जुन्या काळी नीट मांडून ठेवलं होतं. फक्त ते या माणसाच्या तोंडून ऐकावं लागत होतं, ही शिक्षा होती. त्याचा आवाज गुळगुळीत, हसू ओलं, आणि दर दोन वाक्यांनी "माझ्या बहिणींनो." बायकांनी पहिल्या तासाभरातच त्याचं नाव 'पाकातला' ठेवून टाकलं.

हा खटाटोप कशासाठी चाललाय, हे कुणाला सांगायला नको होतं. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी भिजवायच्या हौदांसाठी नवी पावडर आणली. डाग चटकन निघायला लागले आणि बायकांच्या हातांची सालंही. हातमोजे होते, पण ते इतके जाड की डागाची कड बोटांना लागत नसे, आणि डाग राहिलेली चादर परत आली की बोलणी बाईलाच. सगळ्यांत वाईट हात झाले होते ते ताईच्या भावजयीचे. तिला या कामावर ताईनंच आणलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर राहील असा भावाला शब्द देऊन. आता ती घरी चमच्यानं जेवायची, कारण मीठ बोटांना झोंबायचं. गेल्या गुरुवारी बायकांनी साहेबांना तोंडावर सांगितलं, पावडर तपासून आणा, तोवर आम्ही हौदाला हात लावणार नाही. साहेबांनी पावडर तपासायला पाठवली नाही. त्यांनी प्रशिक्षक बोलावला.

चहाच्या सुट्टीत साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावून घेतलं. पाकातला तिथे आधीच बसला होता.

"ताई, बायका माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात," साहेब म्हणाले.

"का बरं ऐकतात?" प्रशिक्षकानं विचारलं.

"या रोज सकाळी आधी स्वतः हौदात हात घालतात. कोपरापर्यंत. दहा आकडे मोजतात, मान हलवतात. मगच बाकीच्या घालतात."

ही रीत ताईचीच. फार वर्षांपूर्वी एकदा वाफेचा नळ चालू राहिला आणि एका बाईनं उकळत्या पाण्यात हात घातला. ती बाई पुन्हा कामावर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ताई पहिला हात आपला घालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. पाठीमागे बायका तिला कोपरताई म्हणत, पण ताईची मान हलल्याशिवाय एकही हात पाण्यात जात नसे.

प्रशिक्षकाचे डोळे लकाकले. "ही पत आहे, ताई. मी एवढी कार्यालयं फिरलो, इतकी निखळ पत कुठे बघितली नाही."

ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि आपल्याला बरं वाटलं याचंच लगोलग तिला कसंतरी झालं.

"पावडर तीच असेल तर मी हात घालणार नाही," ती म्हणाली. "माझ्या भावजयीचे हात बघितलेत का तुम्ही?"

"बदललीय ना. सुधारलेली आलीय, आज सकाळीच पोती फोडली," साहेब म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचंय?"

ताईनं विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला, हे तिला पुढे कळलं.

जेवणानंतर सगळ्या बायका पहिल्या हौदाभोवती जमल्या. ताईनं बाही वर सारली आणि हात आत घातला. पाणी कोमट होतं. नव्या पावडरीत हात घातला की कातडी बुळबुळीत व्हायची, बोटावर बोट ठरायचं नाही. आज तसं काही लागलं नाही. म्हणजे खरंच सुधारलीय, तिनं मनात म्हटलं. अठरा वर्षं पाण्यात घातलेल्या हातानं तिला काय ते स्वच्छ सांगितलं होतं, आणि तिनं त्याचा सोयीचा अर्थ लावला.

मग ती बोलली. आणि काय बोलली. भाजलेल्या त्या बाईची आठवण काढली. दवाखान्यात अंगाखाली चादर नसलेल्या आजाऱ्यांबद्दल बोलली. "मी आजवर तुम्हाला फसवलं का?" असं विचारलं, आणि कुणी हो म्हणालं नाही. पत, मन, मुद्दा, तिन्ही जागच्या जागी. बायकांचे चेहरे सैल होत गेले. शेवटी भावजय पुढे झाली, "वन्संनी हात घातलाय, मग काय," म्हणाली आणि दुसऱ्या हौदाकडे गेली. मागोमाग सगळ्या गेल्या. पाकातल्यानं टाळ्या वाजवल्या. ताईला त्या टाळ्या आवडल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

सुट्टी व्हायला तासभर असताना भावजय नळाशी उभी दिसली. दोन्ही हात धारेखाली धरून, डोळे मिटून. बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं.

"अगं, हे काय?"

"काही नाही, वन्सं. जुन्या जखमा असतील. पावडर तर चांगली आहे ना, तुम्हीच बघितली."

तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. ताई तडक दुसऱ्या हौदाशी गेली आणि तिनं हात बुडवला. बुळबुळीत. बोटावर बोट ठरेना. तशीच ती कोठीत गेली. कोठीवाला म्हातारा पोत्यांवर बसून विडी ओढत होता. त्याच्या बुडाखाली तीच पोती होती, तोच निळा शिक्का.

"पहिल्या हौदात काय टाकलं होतं आज?" तिनं विचारलं.

कोठीवाल्यानं विडी विझवली. "मला वाटलं तुला ठाऊक आहे. नुसतं कोमट पाणी आणि जुना साबण. तो फळ्यावाला सांगून गेला होता, पहिला हौद तेवढा वेगळा ठेवा म्हणून."

ताई मागच्या गटाराशी जाऊन ओकली. मग तिनं तोंड धुतलं, हातही धुतला, साबण लावून दोनदा धुतला. त्या हाताला काहीही झालं नव्हतं. तो मऊ, स्वच्छ, धडधाकट होता, आणि तिला तो आपल्या अंगाला नकोसा झाला.

पाकातला फळा पुसत होता. ताईनं त्याला विचारलं तेव्हा तो गडबडला सुद्धा नाही.

"ताई, तुम्ही एक शब्द तरी खोटा बोललात का?" तो म्हणाला. "नाही ना? तुमचा विश्वास होता, म्हणून तो त्यांच्यापर्यंत पोचला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या आवाजात ते उतरलं नसतं. यालाच कौशल्य म्हणतात."

"त्या ग्रीसच्या म्हाताऱ्यानं हे शिकवलंय?"

"मूळ विचार त्यांचाच. आपण तो वापरात आणतो." त्यानं बोट जिभेला लावलं आणि वाटायच्या कागदांतला एक संच तिच्या हाती दिला. "ठेवा तुम्हाला. आणि उद्या मोठे साहेब येतायत. आजच्यासारखंच एकदा करून दाखवा."

बोटाचा ओला ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला होता. ताईनं तो कोपरा फाडून टाकला आणि मग कागद वाचले. पत या शब्दाखाली चार ओळी होत्या, ज्या त्यानं वर्गात वाचल्याच नव्हत्या. बोलणाऱ्याची पत तीन गोष्टींनी उभी राहते, असं तो तत्त्वज्ञ म्हणे: त्याला विषयातलं कळतं, तो सचोटीचा आहे आणि ऐकणाऱ्याचं भलं व्हावं असं त्याला वाटतं. ताईनं ते दोनदा वाचलं. म्हाताऱ्याचा काही दोष नव्हता. त्याचं म्हणणं या पाकातल्याच्या वाट्याला आलं आणि नासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब, साहेब आणि पाकातला ओळीनं उभे होते, पुसून घेतलेल्या खुर्च्यांसमोर. बायका हौदांपाशी थांबल्या होत्या. पहिल्या हौदात पुन्हा साधंच पाणी असणार, हे ताईला बघायचीही गरज नव्हती. ती त्याला वळसा घालून दुसऱ्या हौदाशी गेली.

"ताई, इकडचा," साहेब म्हणाले.

"काल मी तुम्हाला फसवलं," ताई बायकांना म्हणाली. आज तिनं काहीच जुळवलं नव्हतं. "त्या हौदात पावडर नव्हती, जुना साबण होता. मला ठाऊक नव्हतं. पण माझ्या हाताला कळलं होतं आणि मी त्याचं ऐकलं नाही. पावडर तीच आहे. या हौदात आहे ती तीच."

असं म्हणून तिनं हात कोपरापर्यंत आत घातला. दहा मोजले आणि काढला नाही. वीस झाले, पन्नास झाले. साहेब "पुरे, पुरे" म्हणत होते. कातडी ताणून जळायला लागली. शंभराला तिनं हात वर काढला. तो कोपरापर्यंत लालभडक झाला होता. सगळ्यांना दिसेल असा तिनं तो धरला.

बायका हलल्या नाहीत. त्यांनी हाताकडे बघितलं, हौदाकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं. मग मागून एकीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात,

"आणि आज यात काय टाकलंय, ताई?"

अठरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताईनं काय सांगितलं असतं तरी ते कालच्याच तोंडून आलं असतं.

भावजय पुढे आली. तिनं बोटांवरची चिंधी सोडली आणि नुसतं एका बोटाचं टोक पाण्याला लावलं. तिचा चेहरा आक्रसला, हात झटकन मागे आला.

"तीच आहे," ती बायकांना म्हणाली. "वन्सं खरं सांगतायत."

तेव्हा कुठे बायका हौदांपासून मागे सरल्या, एकजात सगळ्या. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. पाकातला कागद गोळा करायला लागला, आणि या गडबडीतही बोट चाटायला विसरला नाही.

चार दिवस चादरी तुंबून राहिल्या. पाचव्या दिवशी निळ्या शिक्क्याची पोती परत गेली आणि जुना साबण आला. भावजयीच्या बोटांना हळूहळू नवी कातडी धरायला लागली. ताईचा हातही बरा झाला.

ती अजून रोज सकाळी पहिली येते, बाही वर सारते, कोपरापर्यंत हात घालते आणि दहा मोजते. मग मान हलवते. बायका तिच्याशी पूर्वीसारख्याच बोलतात, हसतात, तिच्या डब्यातलं खातात. फक्त हौदात हात घालायच्या आधी प्रत्येक बाई आपलं एक बोट बुडवते, दुसऱ्या बोटावर घासून बघते. भावजयसुद्धा.