मध्य मतदारसंघाचा शेवटचा कागद

साहेबांना निवडणुकीत पाडणं कुणालाच जमलं नाही, म्हणून नकाशेबाईंनी त्यांच्या पायाखालचा मतदारसंघच काढून घ्यायचं ठरवलं. एकोणतीस वर्षं मुरलेला राग घाई करत नाही. बाई तर मुळातच सावकाश. मतदारसंघांच्या फेरआखणीच्या कार्यालयात त्या वीस वर्षं शहराचे नकाशे काढत होत्या, आणि पेन्सिलीला टोक करतानासुद्धा भुसा कागदावर पडू देत नसत.

रागाचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाईंच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान. एकोणतीस वर्षांपूर्वी ते मध्य मतदारसंघातून खासदारकीला उभे राहिले. त्याआधी तिथून तीन वेळा एक वयस्क डॉक्टर निवडून आले होते. ते थकले आणि जागा मोकळी झाली. समोर होते साहेब, तेव्हा नुसते वाळूचे ठेकेदार. मतदानाच्या सकाळी घरोघरी पत्रक पडलं: चष्मेवाल्यांनी माघार घेतली आहे, त्यांचा पाठिंबा साहेबांना. खाली वडिलांची खोटी सही. 'मी उभा आहे हो, उभाच आहे' असं सांगत वडील दारोदार पळत होते, तोवर निम्मं मतदान उरकलं होतं. दोनशे बारा मतांनी पडले.

साहेबांचं तेवढ्यावर भागलं नाही. विजयाची मिरवणूक त्यांनी मुद्दाम चष्मेवाल्यांच्या गल्लीत आणली आणि दुकानासमोर तासभर ढोल बडवून घेतले. आत आई तापाने फणफणली होती. चौदा वर्षांची मुलगी बाहेर आली आणि हात जोडून म्हणाली, "काका, आई आजारी आहे. ढोल थांबवा ना." साहेबांनी जीपवरून वाकून आपल्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात टाकला. "घे, तुझ्या बापाच्या नशिबात तर नाही." सगळे खो खो हसले. त्या हाराचा ओला वास नकाशेबाईंच्या नाकातून कधी गेला नाही. पुढे फुलांच्या दुकानासमोरून जायची वेळ आली की त्या रस्ता ओलांडत.

वडील त्यानंतर आणखी पाच वेळा उभे राहिले आणि पाचही वेळा आपटले. नऊ हजारांनी, चौदा हजारांनी, अकरा हजारांनी, सात हजारांनी, तीन हजारांनी. गावभर त्यांचं नाव 'पडेल' पडलं. मधल्या काळात आई गेली. शेवटच्या पराभवानंतर बाईंनी वडिलांना समोर बसवलं. "बाबा, आता पुरे. पुन्हा अर्ज भरायचा नाही. शब्द द्या." वडिलांनी चष्म्याची काच पुसत शब्द दिला. त्या दिवसापासून घरात निवडणुकीचा विषय निघाला नाही.

आणि मग ही संधी चालून आली. शहराची वस्ती घटली होती. तीन जागांपैकी एक रद्द होणार हे वरून ठरलं होतं, पण कुठली ते ठरायचं होतं. बाईंनी तीन प्रस्ताव करायचे, आयुक्तांनी एक निवडायचा. काम संपेपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही, हा कार्यालयाचा नियम. वडिलांसमोर बसून दोन वेळा जेवताना बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

बाईंनी एकही आकडा खोटा लिहिला नाही. त्याची त्यांना घमेंड होती. फक्त जिथे रेघ दोन प्रकारे काढता येत होती, तिथे पूर्व आणि उत्तर जागा रद्द करायच्या प्रस्तावांत त्यांनी बेढब रेघ निवडली. एका शाळेचं फाटक एका मतदारसंघात गेलं आणि वर्ग दुसऱ्यात. रुग्णालयाचे दोन तुकडे झाले. मध्य रद्द करायचा प्रस्ताव मात्र असा देखणा की भिंतीवर लावावा: अर्धं मध्य पूर्वेला, अर्धं उत्तरेला, मधून रेल्वेमार्ग. आयुक्तांनी तिन्ही कागद पाहिले. "बाई, हा तिसरा सुबक आहे. हाच ठेवू."

जाहीर करायच्या नकाशावर मध्यची जुनी हद्द बाईंनी स्वतः रबराने पुसली. पुसताना त्या चक्क गुणगुणत होत्या. सहा वेळा निवडून आलास काय? आता उभा राहा बघू, कुठे राहतोस ते.

हरकतींची सुनावणी नगर सभागृहात होती. बाई नवी कोरी इस्त्रीची साडी नेसून नकाशाशेजारी बसल्या. साहेबांची तडफड पहिल्या रांगेइतक्या जवळून पाहायची होती. साहेब आले, गर्दी उठून उभी राहिली. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"माझी काहीही हरकत नाही," ते म्हणाले. "सहा वेळा लढलो, सहा वेळा जिंकलो. मध्यने मला हरलेलं कधी पाहिलं नाही, आणि आता पाहणारही नाही. मी तृप्त आहे." टाळ्या थांबेनात. बाईंना काही कळेना. हा माणूस खूश कसा?

"आणखी कुणाची हरकत?" आयुक्तांनी विचारलं.

शेवटच्या रांगेतून एक म्हातारा वह्यांनी भरलेली पिशवी सावरत उठला. ते बाईंचे वडील होते.

"माझी आहे. मध्य रद्द करू नका. पुढच्या वर्षी मी उभा राहणार आहे."

"आला पडेल!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं.

"हसा," वडील शांतपणे म्हणाले. "एकशे चौऱ्याऐंशी मतदान केंद्रं आहेत आणि प्रत्येकाची माझ्याकडे वही आहे. डोळे तपासायला माणूस समोर बसला की बोलतो. साहेबांनी मोठी मंडई पाडली, तेव्हापासून तिच्याभोवतीची एकवीस केंद्रं त्यांच्यावर उलटली आहेत. कालव्यापलीकडच्या चाळी उलटल्या आहेत. या खेपेला मी सहा हजारांनी येतो. साहेबांनाही ठाऊक आहे, विचारा त्यांना."

साहेब बुटांकडे पाहत होते. तेवढ्याने बाईंना सगळं कळलं. गेले सहा महिने त्यांनी मध्यमधलं एकूण एक डोकं मोजलं होतं. त्या डोक्यांत काय चाललंय हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. ते सांगणारा माणूस रोज समोर बसून जेवत होता.

"आजोबा, लोकसंख्येच्या आकड्यांबद्दल आक्षेप आहे का?" आयुक्तांनी विचारलं.

"नाही. आकडे बरोबर आहेत."

"मग हरकत फेटाळली."

जिन्यावर साहेब बाईंजवळ थांबले. "नकाशा तुम्ही काढलात का? झकास काढलात हो, बाई." त्यांनी ओळखलंच नव्हतं. हातात सभागृहात मिळालेला हार होता, तो त्यांनी जाता जाता बाईंच्या टेबलावर ठेवायला शिपायाला दिला. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना कुणाला तरी जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि हात मात्र कठड्यावरून हलला नाही.

घरी वडील दुकानात चाकावर काच घासत होते. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाबा, रेघ मी काढली. मुद्दाम. त्याला मुळासकट उखडायचं होतं मला."

चाक फिरायचं थांबलं. "मला वाटलंच. इतकी सरळ रेघ दुसरं कोण काढणार?"

"उभं राहणार होतात, तर मला का नाही सांगितलं?"

"तुला शब्द दिला होता ना. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी तुझ्या पाया पडणार होतो." वडील हसायला गेले, पण हसू फुटलं नाही. "पोरी, मला खासदार व्हायचं नव्हतं गं. वय का आहे ते? त्याला एकदा, फक्त एकदा, निकालाच्या दिवशी मान खाली घालून घरी जाताना पाहायचं होतं. आपल्या गल्लीतून."

बाई रडल्या नाहीत. रडायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं.

जागा रद्द झाली की तिचा निवडणूक इतिहास एका पानावर, हाताने लिहून दप्तरात ठेवायचा, अशी कार्यालयाची जुनी पद्धत. ते पान नकाशेबाईंकडेच आलं. डॉक्टरांच्या तीन ओळी झाल्या. मग विजयी या रकान्यात साहेबांचं नाव सहा वेळा, दुसऱ्या क्रमांकाच्या रकान्यात वडिलांचं सहा वेळा, पुढे मतांचा फरक. खोट्या सहीसाठी आणि ढोलांसाठी पानावर रकाना नव्हता. सगळ्यात खाली छापील प्रश्न होता: या मतदारसंघात विद्यमान खासदार किती वेळा पराभूत झाले?

बाईंनी पेनात शाई भरली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'एकदाही नाही.' मग 'तयार करणारे' या शब्दांपुढे सही केली.