नुसतं मोजणाऱ्या ओळी

स्क्रीनवर बोट टेकवून ती एकेक ओळ खाली उतरू लागली. कंपायलरने तिच्या प्रोग्रामचं केलेलं असेंब्ली, म्हणजे चिपला कळणाऱ्या बारक्या हुकमांची यादी: हे उचल, ते वजा कर, तिकडे जा. लिफ्टचा दरवाजा चार सेकंद उघडा ठेवणारा भाग आला. तिथे एकच हुकूम होता. परत फीर.

थांबायचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चिप बसवलेले तीन बोर्ड गिऱ्हाइकांकडून परत आले होते. दरवाजे उघडताक्षणी मिटत होते. साहेबांनी सगळ्यांदेखत डाग देऊन बोर्डावर भाग जोडणाऱ्या मेस्त्रीकाकांवर खापर फोडलं: हात थरथरतो, सोल्डरिंगचे डाग कच्चे पडतात, शनिवारपासून टेबल सोडा. तपासलं कुणी? कुणीच नाही. म्हाताऱ्याच्या माथी मारलं की सगळे मोकळे.

आणि चूक तिची होती. प्रोग्राम चिपमध्ये मावेना, म्हणून तिनेच कंपायलरला आकार कमी करायला लावलं होतं. वेळ काढण्यासाठी नुसतं मोजत बसणाऱ्या ओळी त्याला बिनकामाच्या वाटल्या. त्याने त्या उडवल्या. चाचणी तिने जुन्याच प्रोग्रामवर उरकली होती.

या ओळींना हात लावू नको, असं कंपायलरला सांगणारा एक शब्द घातला की ओळी परत येणार होत्या. कुणाला पत्ताही लागला नसता. तिने शब्द घातला, आणि मग साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

“झालं ना दुरुस्त? मग बोभाटा नको.”

“काकांचा केलात तेव्हा चालला?”

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. काकांना सांग, शनिवारचं रद्द, म्हणाले. ती दारातून हलली नाही. शेवटी तेच उठले आणि चूक काकांची नव्हती असं सगळ्यांदेखत बोलले, घशातल्या घशात का होईना.

काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. काय उडालं होतं ते बघायचंच होतं त्यांना. तिने जुनी यादी दाखवली, मग नवी. ते हसले.

“म्हणजे नुसता बसलेला दिसला की हाकला. तुझं यंत्रही साहेबच की गं.”

मग त्यांचा आवाज उतरला.

“काल त्यातल्या एका बोर्डावर मी दोन डाग पुन्हा दिले. म्हटलं, असतील कच्चे.”

तिने तो बोर्ड भिंगाखाली सरकवला.

“कुठले दोन?”

काकांनी डोळा लावला. बोर्ड फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा. सगळे डाग सारखेच गोल, सारखेच चकचकीत.

“सापडत नाहीत,” ते म्हणाले, आणि भिंगावरून डोळा काही काढेनात.