पट्टा बांधण्याआधी

दोन ठिकाणी मला नकार मिळाला आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता, "हे कोणी वापरून पाहिलंय का?" उपकरणांची माहितीपत्रकं लिहायचा अभ्यासक्रम मी पहिल्या नंबराने पूर्ण केला होता. वापरून पाहायचं मात्र तिथे कोणी शिकवलं नव्हतं.

तिसरी मुलाखत सोमवारी होती. घरी रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या सूचना लिहून न्यायच्या होत्या. दुरुस्तीच्या दुकानात आठ वर्षं काउंटरवर काढल्यावर ही नोकरी मला हवीच होती. म्हणून त्या सूचना वापरून पाहायला मी मामांना वेठीस धरलं. मामा निवृत्त लेथ ऑपरेटर. कागदावर असेल तेवढंच करणार.

"मी मध्ये एक शब्द बोलणार नाही," मी म्हणाले.

"तू? बघू या."

पहिली सूचना होती, पाच मिनिटं शांत बसा. मामा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले. दुसरी होती, पट्टा दंडावर बांधा. यंत्र पलीकडे टेबलावर, खोक्यात.

"उठा असं कुठे लिहिलंय?" म्हणत मामा ढिम्म बसून राहिले. माझी जीभ नुसती वळवळत होती. शेवटी कंटाळून ते उठले आणि पट्टा स्वेटरवरूनच आवळला. मला राग यायला हवा होता, पण आता ते कुठे अडतील याचीच उत्सुकता लागून राहिली. रविवारपर्यंत मी कागद सात वेळा बदलला.

सोमवारी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी यंत्र काढलं आणि ओळ वाचत वाचत स्वतःचाच रक्तदाब मोजायला घेतला. सगळं सुरळीत चाललं होतं. पट्टा फुगला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. त्या कागदावर बोट फिरवायला लागल्या. मोजणी मध्येच थांबवायची कशी, ते मी लिहिलंच नव्हतं. मामा एकदाही खोकले नव्हते ना!

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुरू करायचं बटणच पुन्हा दाबा, एवढं सांगितलं की झालं असतं. मी ओठ घट्ट मिटले आणि वहीत टिपून घेतलं.

थोड्या वेळाने पट्टा आपोआप सैल झाला.

"दिसत होतं तुम्हाला. मग सांगितलं का नाहीत?"

"गिऱ्हाइकाच्या घरी मी नसणार," मी म्हणाले. "तुम्ही कुठे अडता ते बघत होते."

बाईंनी दंड चोळला. मग कागद माझ्यापुढे सरकवून वर आपलं पेन ठेवलं.

"राहिलेली ओळ लिहा. आणि कधीपासून येताय, तेही खाली लिहा."

मी आधी ओळ लिहिली.