काच पुसणारीचे हात

नाट्यगृहाच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिच्या अर्ध्या भागात सुतार काम करायचा आणि उरलेल्या अर्ध्यात त्याची बायको. तो जिने, दारं, चौकटी ठोकायचा, ती पडदे रंगवायची. तिला सगळं नाट्यगृह काकू म्हणायचं, अगदी तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला दारावरचा पहारेकरीसुद्धा. एकोणतीस वर्षांत तिने जंगलं रंगवली, राजवाडे रंगवले, बंदरं आणि तुरुंग रंगवले. बोलायची बेताचंच. तिच्या वाटचं बोलणंही नवराच उरकून टाकायचा.

त्या वर्षी एका चित्रावर नवी संगीतिका बसत होती. चित्र असं की, ते पाहिलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बिस्किटांच्या डब्यांवर, दिनदर्शिकांवर, दाताच्या डॉक्टरच्या भिंतीवर, कुठे ना कुठे ते टांगलेलं असायचंच. एक मुलगी खिडकीपाशी बसून दिव्याची काच फडक्याने पुसते आहे, एवढंच त्यात होतं. चित्रकाराला जाऊन नव्वद वर्षं झाली होती. तो गरीब होता, तापट होता, आणि चित्रातली मुलगी शेजारच्या पाववाल्याची लेक होती, हेही सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे संगीतिकेत काय असणार हे वेगळं सांगायला नकोच. चित्रकाराचं त्या मुलीवर प्रेम, दोघांची अकरा गाणी, आणि मध्ये मध्ये येऊन खेकसणारी चित्रकाराची बायको. तिला गाणं नव्हतं. तीन वाक्यं होती आणि एक झाडू होता.

दिग्दर्शक शेडमध्ये आला तो हातात छापील चित्र घेऊनच.

"काकू, हे मला अठरा फूट उंच पाहिजे. शेवटच्या गाण्याला मागून खाली येणार. लोकांनी श्वास रोखला पाहिजे."

"किती दिवस आहेत?"

"सहा आठवडे."

"छापील चित्रावरून नाही जमायचं," काकू म्हणाली. "रंग खोटे असतात त्यातले. मला खरं चित्र बघावं लागेल."

मग चार सकाळी ती संग्रहालयात जाऊन बसली. चित्र जेमतेम तीन फुटांचं होतं. लोक यायचे, पाहायचे, त्याच्यासमोर स्वतःचा फोटो काढायचे आणि पुढच्या दालनात सटकायचे. काकू घडीच्या स्टुलावर बसून वहीत रंगांचे ठिपके काढत राहायची. खिडकीतला उजेड पिवळा नव्हता, राखाडी होता. मुलीच्या गालावर जी लाली वाटते ती मुळात विटकरी होती. असलं सगळं तिने टिपून घेतलं.

शेडमध्ये परतल्यावर जमिनीवर जाड कापड ताणून खिळे ठोकले, सरसाचा हात दिला, सुकू दिलं आणि खडूने चौकोन आखले. मूळ चित्रातला एक इंच म्हणजे पडद्यावर सहा इंच. असे चौकोन पाडले की मोठं चित्र आपसूक उतरतं, फक्त एकेक घर इमानाने भरत जायचं. काकू मोजे घालून कापडावर चालायची आणि लांब काठीच्या कुंचल्याने उभ्यानेच रंगवायची. पहिल्या दोन आठवड्यांत खिडकी झाली, भिंत झाली, मुलीचा चेहरा झाला. मग हात आले, आणि गाडी अडली.

हात जमेनात. तिने एकदा काढले, पुसले, पुन्हा काढले. शिडीवर चढून वरून पाहिलं की ते हात त्या मुलीचे वाटतच नव्हते. तिला वाटलं, चौकोन चुकले असतील. दोरी लावून पुन्हा मोजले. चौकोन बरोबर होते. तिसऱ्यांदा हात काढले तेव्हा तिने सुताराला हाक मारली.

"अहो, जरा वर या. काय दिसतं सांगा."

सुतार कानावरची पेन्सिल काढत शिडीवर चढला. बराच वेळ बघत राहिला. इतका वेळ गप्प राहण्याची त्याची ती वर्षातली पहिलीच खेप असेल.

"पोरगी विशीची आहे," तो शेवटी म्हणाला. "पण ह्या हातांनी वीस वर्षं भांडी घासलीत."

"मलाही तेच वाटतंय. आणि मोठे आहेत बघा. आपला पंजा चेहऱ्यावर ठेवला तर हनुवटीपासून कपाळापर्यंत येतो. हिचा पंजा पार केसांत जातोय."

"मग तू चुकली असशील."

"मी नाही चुकले. त्यानेच तसे काढलेत."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन पुन्हा संग्रहालयात गेली. तिथे चित्रांची डागडुजी करणाऱ्या एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर आणि हातात कायम कापसाचा बोळा. काकूने आपलं म्हणणं मांडल्यावर त्या हसल्या.

"एवढ्या वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही तिसऱ्या," त्या म्हणाल्या आणि काकूला आत घेऊन गेल्या.

आत त्यांनी चित्राचा क्ष-किरणांनी घेतलेला फोटो दाखवला. रंगाच्या खाली दुसरे हात होते, बारीक, निमुळते, कोवळे. चित्रकाराने ते खरवडले होते, तरी खुणा उरल्या होत्या, आणि वर हे हात रंगवले होते. मग बाईंनी चित्रकाराच्या टाचणवहीची प्रत काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. काकूने ती दोनदा वाचली. 'पोरीला आता वेळ नाही. तिचे हात काही काच धरेनात. हात हिचे घेतले. अकरा दिवस बसली. खिडकी लावून घे, एवढंच म्हणाली.'

"हिचे म्हणजे?" काकूने विचारलं.

"बायकोचे. तो वहीत तिचं नाव कुठेच लिहीत नाही. सगळीकडे ही आणि हिने."

"हे लोकांना माहीत नाही?"

"आमच्या एका जाडजूड पुस्तकात छापलंय. ते कोण वाचतं?"

काकू परत येताना वाटेत दोनदा थांबली. एकदा रस्ता ओलांडायला आणि एकदा उगाचच. तिला त्या बाईची कीव आली नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की थंडीचा वारा अंगावर घेत अकरा दिवस हातात काच धरून बसायचं म्हणजे खांद्यांचं काय होत असेल.

तालीम चालू होती. मधल्या सुट्टीत तिने दिग्दर्शकाला गाठलं आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, फार छान आहे हे. पण माझं नाटक प्रेमाचं आहे. शेवटच्या गाण्यात नायिका स्वतःचेच हात बघत गाते. आणि मागे अठरा फुटांचा पडदा येणार, त्यात दुसऱ्याच बाईचे हात? तुम्ही एक करा. हात तरुण काढा. बारीक. तुम्ही खालचे बघितलेतच की."

"मग ती नक्कल नाही राहणार."

"पंधराव्या रांगेतून कुणाला कळतंय?"

शेडमध्ये आल्यावर काकू धुमसत होती. सुताराने रंधा बाजूला ठेवला.

"काढून टाक ना त्याला पाहिजेत तसे," तो म्हणाला. "नाटक त्याचं आहे. तू कधीपासून वाद घालायला लागलीस?"

"वाद कुठे घातला? मी फक्त सांगितलं."

"तुझं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या वादाच्या वरताण असतं."

तिला हसू आलं, पण तिने ते त्याला दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने हात बदलायला घेतले. मुद्दाम वाईट काढावेत असं तिच्या मनातही आलं नाही. तसलं काम तिच्या हातून झालंच नसतं. क्ष-किरणांच्या फोटोत पाहिलेले हात तिने आठवून आठवून, जीव ओतून काढले. बोटं लांबसडक, नखं गुलाबी, मनगट नाजूक. चार दिवस लागले. मग पडदा दांडीला बांधून वर ओढला आणि तिने दिग्दर्शकाला निरोप पाठवला की येऊन पंधराव्या रांगेत बसा.

तो आला. चित्रकाराच्या बायकोचं काम करणारी नटीही त्याच्या मागोमाग आली; टाचणवहीतली गोष्ट तिच्याही कानावर गेली होती. ही नटी पंचावन्नची होती. पंधरा वर्षं तिच्या वाट्याला खाष्ट सासवा, खाष्ट शेजारणी आणि खाष्ट नर्सा आल्या होत्या. खाष्टपणाचा मुखवटा आता चेहऱ्यालाच शिवलाय, असं ती स्वतःच म्हणायची.

दिग्दर्शक पडद्याकडे पाहत राहिला. डोकं इकडे कललं, तिकडे कललं.

"काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला. "हात सुंदर आहेत. पण... काच पडणार आहे तिच्या हातून."

"हो," काकू म्हणाली.

"तुम्ही काच हलवलीत का?"

"काच होती तिथेच आहे. फक्त हात बदललेत. ह्या हातांना काच धरायची सवय नाही. बघणाऱ्याचं सगळं लक्ष काच पडेल का यातच जातं. मग खिडकी दिसत नाही, चेहरा दिसत नाही. त्यालाही हेच दिसलं असणार, म्हणून त्याने खरवडले."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. फक्त घाईत होता. शेवटी त्याने केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, "आधीचे परत काढा, काकू. वेळ पुरेल?"

"पुरेल."

तो उठला, तेवढ्यात नटीने विचारलं, "मग हे हात रंगवले जात असताना मी कुठे असते?"

"म्हणजे?"

"अकरा दिवस ही बाई त्याच्यासमोर बसली होती. आपल्या नाटकात त्या अकरा दिवसांत मी काय करते? झाडू मारते. मग बसते कधी?"

"अहो ताई, आता नवीन गाणं लिहायला वेळ आहे का?"

"गाणं कुणाला पाहिजे? माझा गळा तुम्ही ऐकलाय. मला नुसतं बसू द्या."

त्या दुपारी तालमीत करून पाहायचं ठरलं. करून पाहायला काय जातं, असं दिग्दर्शक म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा औषध पिणाऱ्या माणसासारखा होता. सुताराने एक साधी खुर्ची आणि चौकटीसकट खिडकी ठेवली. चित्रकाराचं काम करणारा नट कोऱ्या कापडासमोर उभा राहिला. पेटीवाल्याने विचारलं, काय वाजवू? कुणी काही सांगेना, तेव्हा त्याने पाववाल्याच्या पोरीचं प्रेमाचं गाणंच धरलं, पण निम्म्या लयीत आणि शब्दांशिवाय.

नटी येऊन बसली. झाडू भिंतीला टेकवला, दिव्याची काच उचलली आणि फडकं लावलं. पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. नट रंगवत होता आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहत नव्हता. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोनेक मिनिटांनी तिने काच मांडीवर ठेवली, खांदा चोळला आणि म्हणाली, "खिडकी लावून घे." तो जागचा हलला नाही. मग तीच उठली, खिडकी लावली आणि परत येऊन हात होते तसेच धरून बसली.

पेटी थांबली तरी कुणी खुर्ची सरकवली नाही. विंगेत उभ्या असलेल्या काकूला एकाएकी आपले खांदे दुखतायत असं जाणवलं. किती वेळ ती ते आवळून उभी होती कोण जाणे.

"चार मिनिटं झाली," दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ठेवूया."

नायिकेचं एक गाणं त्यासाठी कापावं लागलं. ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र नटीजवळ येऊन काच कशी धरायची ते शिकून गेली.

पहिला प्रयोग संध्याकाळी साडेसहाला होता. पडदा वेळेवर उतरला, कुठे सुरकुती पडली नाही, आणि काकूचा जीव भांड्यात पडला. त्या चार मिनिटांत मागच्या रांगांतले काही लोक खोकले, एक जण पाणी प्यायला बाहेर गेला. पण बरेच लोक बसून राहिले, आणि शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा झाडूवाल्या बायकोला नायिकेपेक्षा थोड्या जास्तच पडल्या. चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. जाताना त्या शेडमध्ये आल्या, काकूचा हात हातात घेऊन, "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

वर्तमानपत्रात मोठी मुलाखत आली. ते चार मिनिटांचं दृश्य मला चित्र पाहता पाहता सुचलं, असं दिग्दर्शकाने त्यात सांगितलं होतं. सुताराने तो कागद शेडभर नाचवला.

"बघ! बघ हे! सुचलं म्हणे! तोंड उघड ना जरा कधीतरी!"

"त्यालाही सुचलंच असेल. माझ्यानंतर," काकू म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली. पण जेवता जेवता तिने तो कागद दोनदा जवळ ओढून वाचला, आणि सुताराने ते पाहिलं. तो गेला आणि दिग्दर्शकाला काय बोलला ते त्याने कधी सांगितलं नाही. एवढं मात्र खरं, की पुढच्या आठवड्यापासून कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी चिकटवलेली येऊ लागली. हातांची गोष्ट प्रथम आमच्या पडदे रंगवणाऱ्या काकूंच्या लक्षात आली, असं तिच्यात लिहिलं होतं. चिठ्ठी बहुतेक पत्रिकांवर तिरपी चिकटवलेली होती.

संगीतिका सत्तेचाळीस प्रयोग चालली. नटीला नंतर एका नाटकात शाळामास्तरणीचं काम मिळालं. तीही खाष्टच होती, पण मुख्य होती.

हंगाम सरल्यावर दिग्दर्शक पुन्हा शेडमध्ये आला. दर वेळी तो कागदावर मापं लिहून आणायचा आणि रंग सांगायचा. या वेळी त्याच्या हातात नव्या नाटकाची अख्खी संहिता होती.

"काकू, आधी वाचा," तो म्हणाला. "मापं नंतर बोलू."

काकूने हात पुसले, चष्मा शोधला आणि रंगाच्या डब्यांवर बसून पहिलं पान उघडलं. सुताराने करवत थांबवली. तिसऱ्या पानावर तिने मान वर केली.

"ही म्हातारी बोलता बोलता जिना चढते?"

"हो."

"मग जिना इथे लिहिलाय तसा बारा पायऱ्यांचा नको. बोलताना धाप लागेल तिला."

दिग्दर्शकाने रिकामा डबा ओढला आणि वही काढून समोर बसला.