ॲमांडाचा वाफा

माझ्या नवऱ्याने, क्लेमेंटने, एकसष्ट वर्षांत औषधाची एक गोळी गिळलेली नाही. हे तो लग्नात सांगतो, मयतीत सांगतो, चर्चच्या पायरीवर तर हमखास. मी ब्लडप्रेशरची गोळी घेतली तरी त्याचंच तोंड कडू होतं.

म्हणूनच माझ्या भाचीने, नॅटलीने, त्याला निवडलं. सांडपाण्यातली औषधं शेतात गेल्यावर त्यांचं काय होतं, हे ती पवईच्या एका प्रयोगशाळेत तपासते. आमच्या मरोळच्या शेताच्या तुकड्याला दोन वर्षं शेजारच्या टॉवरचं शुद्ध केलेलं सांडपाणी येतं. वास नाही, रंग नाही, त्यामुळे क्लेमेंट खूश. नॅटलीने पाणी, माती, भाजी नेली. तुलनेला कधीच औषध न घेतलेला माणूस हवा होता, म्हणून अंकलची लघवीही. ती बाटली त्याने बक्षीस मिळाल्यासारखी आणून दिली होती.

काल दुपारी ती आमच्या घरामागच्या शेतावर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"अंकल, तुम्ही फिट येऊ नये म्हणून देतात ती गोळी घेता?"

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही.

"तुमच्या लघवीत ते औषध सापडलंय. अगदी थोडं, पण आहे."

"बाटली बदलली असेल."

"दोनदा तपासली."

क्लेमेंटचा चेहरा उतरला.

"टॉवरमधलं कोणीतरी घेत असणार," नॅटली म्हणाली. "मातीतले जंतू काही औषधं खाऊन टाकतात. हे औषध मात्र ते खात नाहीत. पाण्याबरोबर मुळांतून पानात चढतं."

"कुठल्या पानात?" मी विचारलं.

तिने शेवटच्या वाफ्याकडे पाहिलं. लाल माठाच्या.

तो ॲमांडाचा वाफा. आमची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा क्लेमेंटने तिच्यासाठी वेगळा काढला. फवारणी नाही, बाजारचं खत नाही. गेल्या आठवड्यात तिचं डोकं दोन दिवस ठणकत होतं. डॉक्टरांनी चालेल म्हटलेली साधी गोळीसुद्धा त्याने तिला घेऊ दिली नाही, आणि वर रोज ताटात माठ वाढला.

"आजपासून विहिरीचं पाणी देतो," तो म्हणाला.

"द्या. पण मातीत साठलंय ते. काही महिने तरी पानात येतच राहील."

"बाळाला काय होईल?"

"एवढ्याशाने काही होऊ नये. पण खात्रीने कोण सांगणार, अंकल? ॲमांडाच्या डॉक्टरांना आजच कळवा."

क्लेमेंट वाफ्यात उतरला आणि मुठीमुठीने माठ उपटू लागला.

तेवढ्यात ॲमांडा मागच्या दारात आली. हातातली माठाची ताटली पुसून घेतल्यासारखी साफ होती.

"डॅडी, एवढी सगळी भाजी माझ्यासाठी काढतोयस?"

क्लेमेंटने मान वर केलीच नाही. तिला सांगायला मलाच जावं लागलं.