शैलाचा नंबर

माझी बायको शैला वारली त्याला तीन वर्षं झाली, आणि रोज सकाळी पावणेनऊला ती माझ्या कॉम्प्युटरवरच्या दवाखान्यात केसपेपर काढते. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीचं मॉडेल चालवणं ही माझी नोकरी. कोण किती वाजता येतं, किती थांबतं, डॉक्टर वाढवले तर रांग किती घटते, हे आधी पडद्यावर बघायचं. मॉडेलला एक जुनं रजिस्टर दिलं होतं. त्यातली नावं काढून आकडे घालायचे असतात. तिच्या नावापाशी माझा हात चालला नाही.

पडद्यावर करावं ते बाहेर व्हरांड्यात होतं. त्यामुळे ती खरोखरच बाकावर येऊन बसते, अबोली रंगाच्या साडीत. डॉक्टरांच्या दारातून आत गेली की मात्र संपलं. दारापलीकडचं मी काही आखलेलंच नाही.

म्हणून मी तिच्या पुढे पेशंट घालत गेलो. खोकला, ताप, गुडघे. नाव टाइप केलं की माणूस हजर, सोबत एक नातेवाईक आणि पाण्याची बाटली. पण दर माणसामागे शैला एक जागा मागे जायची आणि व्हरांडा तेवढा लांबायचा. महिन्याभरात तो एसटी स्टँड ओलांडून गेला. कॉम्प्युटर घेऊन मी दाराशीच्या बाकावर बसतो, तिथून मला तिची साडीसुद्धा दिसेना. माझ्या वरिष्ठ इनामदार मॅडम एवढंच म्हणाल्या, की काटकर, रांग जरा आवरा.

शेवटी मी चालत तिच्याकडे गेलो. वीस मिनिटं लागली.

आमच्याकडे स्टाफच्या घरच्यांना मागच्या दाराने आत घेतात, तशी रीतच आहे. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तिच्या छातीत दुखत होतं आणि मी मोठा तत्त्वाचा माणूस, तिला म्हणालो, रांगेतूनच ये. चार तासांनी नाव पुकारलं तेव्हा ती बाकावरच गेलेली होती.

"अजून किती जण आहेत?" तिने विचारलं.

"आठशे."

"तेव्हाही तुम्ही थांब म्हणालात, मी थांबले. आता येऊ द्या माझा नंबर."

परत येऊन मी एका डॉक्टरचे सहा केले. रांग धावायला लागली. साडेबाराला शैला माझ्या शेजारच्या जागेवर येऊन टेकली. तिच्या अंगाला आमच्याच न्हाणीघरातल्या साबणाचा वास होता. तुझ्यावाचून मला करमत नाही, असं मी तिला सांगितलं. जन्मात कधी बोललो नव्हतो.

"जेवता ना वेळेवर?" ती म्हणाली.

शिपायाने दार उघडून तिचं नाव पुकारलं. मी तिचा हात सोडला नाही. मागचे सगळे एकदम एक जागा पुढे सरकले, आणि आमचा बाक आम्हा दोघांना घेऊन दारात शिरला.