तळाशी राहिलेले दोन थेंब

विज्ञानाचा पाया शंका हा आहे. प्रत्येक थोर शोधाच्या मुळाशी कुणीतरी स्वतःवरच घेतलेला संशय असतो. आमच्या घरात हा नियम लागू नाही. माझी बायको वैज्ञानिक आहे आणि गेल्या एकोणीस वर्षांत तिने संशय घेतला तो फक्त माझ्यावर, तोही मी गॅस बंद केला की नाही एवढ्यापुरता.

ती पेशींना उपाशी ठेवते. पगार तिला त्याचाच मिळतो. पेशीला पोट नाही, त्यामुळे पोटात कावळे ओरडण्याची सोय नाही; तरी जेवण आलं की नाही हे तिला बरोब्बर कळतं. आलं, तर ती आतला एक सिग्नल चालू करून वाढायला लागते. नाही आलं, तर सिग्नल बंद करते, दुकान आवरतं घेते आणि आतलंच मोडकंतोडकं खाऊन दिवस काढते. जगभरच्या पेशी असंच वागतात. बायकोच्या पेशी मात्र वागत नव्हत्या. ल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल जेवणातून काढून घेतलं, तरी यांचा सिग्नल आपला चालूच. तीन वर्षं, झाडून प्रत्येक वेळी. यावरून तिने निष्कर्ष काढला होता, की उपासातही तग धरायला लावणारी एक वेगळीच यंत्रणा पेशीत आहे आणि ती तिला सापडली आहे.

गुरुवारी समिती बसणार होती. शेजारच्या सूक्ष्मदर्शकवाल्या प्राध्यापकांना नवं यंत्र ठेवायला बायकोचीच प्रयोगशाळा हवी होती. शोध पटला तर खोली तिची. नाही पटला तर त्यांची, आणि तिने बाडबिस्तरा घेऊन तळघरात जायचं. ते जिन्यात भेटले की हल्ली तिच्या तब्येतीऐवजी खिडक्यांची चौकशी करत.

मंगळवारी ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला गेलो. ती टेबलाशी गुरुवारचं भाषण लिहीत होती. पलीकडे मावशी कामात होत्या. मावशी म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. पिपेट धरायला सगळे त्यांच्याच हाताखाली शिकले, बायकोसुद्धा. उगाच उभं राहण्याची कला मला चांगली अवगत असल्याने मी बघत उभा राहिलो. मावशी पेशींची डिश तिरकी करत, नळीने जुनं पोषक द्रव ओढून घेत, तळाशी जरासं उरलं की थांबत, आणि वरून बिनल्युसिनचं द्रव घालत.

थोडं राहिलं बघा, असं मी म्हणालो. मदत म्हणून.

"राहू द्यायचं असतं, जावईबापू," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "सगळं ओढलं तर कोरड्या पडतात बिचाऱ्या. तुम्ही काय ताट चाटूनपुसून उठता?"

मी उठतो, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. बायकोचं पेन थांबलं होतं.

"किती ठेवता, मावशी?"

"दोन थेंब. पहिल्यापासून. तूही तेवढंच ठेवतेस."

"आणि प्रयोगाच्या वहीत दोनदा धुवायचं लिहिलंय ते?"

"धुतलं तर पेशी तळापासून सुटून येतात. वहीत काय, बरंच लिहिलेलं असतं."

म्हणजे त्या दोन थेंबांत ल्युसिन उरत होतं, आणि तीन वर्षं पेशी उपाशी नव्हत्याच. दुसरी कुणी असती तर डोकं धरून बसली असती. हिने हातमोजे चढवले. नव्या डिश घेतल्या, द्रव पार कोरडं होईतो ओढलं, दोनदा धुतलं. मावशींनी तोंड फिरवलं. मग एका डिशमध्ये काहीच नाही, दुसरीत जुन्या द्रवाचा पाव थेंब, पुढे अर्धा, एक, दोन, असं मोजून घातलं.

बुधवारी दुपारी फिल्म आली. सिग्नल चालू असेल तिथे काळी पट्टी उमटते. पहिल्या डिशची जागा कोरी होती. बाकी सगळीकडे पट्टी होती, पाव थेंबालासुद्धा.

मावशींचा चेहरा उतरला. आपल्या हातामुळे तीन वर्षं पाण्यात गेली, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"तुमच्या हातामुळेच कळलं, किती थोडक्यात भागतं ते," बायको म्हणाली. "शोध बदललाय मावशी. भाषण उद्याच आहे."

मी भाषण पुढे ढकलायचं सुचवलं. गॅस बंद केला होता ना, असं तिने मला विचारलं.

गुरुवारी तिने समितीला सरळ सांगितलं, की जाहीर केलेली यंत्रणा अस्तित्वात नाही, तीन वर्षं तिच्या पेशी जेवत होत्या, आणि पाव थेंब म्हणजे पेशीला जेवण वाटतं हे मात्र खरं आहे, ही बघा फिल्म. वीस मिनिटं ती अशा थाटात बोलली, की चूक समितीची आहे आणि ही ती मोठ्या मनाने माफ करते आहे असं वाटावं. सूक्ष्मदर्शकवाले पहिल्या वाक्याला हसले. नंतर हसले नाहीत.

शुक्रवारी पत्र आलं. खोली तिच्याकडेच राहिली. बायकोने मावशींना मिठी मारली आणि पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. त्यात पेशींचा उल्लेख नव्हता. प्राध्यापकांचं नवं यंत्र ब्याण्णव सेंटीमीटर रुंद होतं आणि खोलीचं दार ऐंशी.